दमलेलं पाणी, वैतागलेली बेडकी

मोरीजवळ होता एक नळ. नळाखाली होतं एक डबकं. डबक्यात राहायची एक ठेंगणी बेडकी.

एक दिवस डबकं आटलं. नुसता चिखल उरला. बेडकीची पाठ सुकायला लागली.

वर नळ करतोय टिप... टिप...

"नळा नळा, वाहा की! डबकं भरेना!"

नळ म्हणाला, "मी कसा वाहू? पाणी येतं दमून. पाइप सुटेल, तर मी वाहीन."

बेडकी निघाली. टुणुक टुणुक.

"पाइपा पाइपा, सूट की! नळ वाहेना, डबकं भरेना!"

पाइप म्हणाला, "मी कसा सुटू? टाकीतून पाणी निघतं धावत. पण रांजणाला माझा वळसा. तिथे पाणी घासतं, अडतं, दमतं. रांजण हलेल, तर मी सुटेन."

टुणुक टुणुक.

"रांजणा रांजणा, हल की! पाइप सुटेना, नळ वाहेना, डबकं भरेना!"

रांजण म्हणाला, "मी कसा हलू? मला आजींनी इथे ठेवलं. आजी आता नाहीत. मी रिकामा, तरी इथेच. काकू उचलतील, तर मी हलेन."

टुणुक टुणुक.

"काकू काकू, उचला की! रांजण हलेना, पाइप सुटेना, नळ वाहेना, डबकं भरेना!"

काकू म्हणाल्या, "एकटीनं उचलू? आणि माझी कंबर? काका उठतील, तर मी उचलीन."

काका बाजेवर लोळत होते.

टुणुक टुणुक.

"काका काका, उठा की! काकू उचलेनात, रांजण हलेना, पाइप सुटेना, नळ वाहेना, डबकं भरेना!"

काका म्हणाले, "चहाशिवाय? छे! पातेलं उकळेल, तर मी उठेन."

टुणुक... टुणुक...

"पातेल्या पातेल्या, उकळ की! काका उठेनात, काकू उचलेनात, रांजण हलेना, पाइप सुटेना, नळ वाहेना, डबकं भरेना!"

पातेलं म्हणालं, "काय उकळू, वारा? नळ वाहील, तर मी उकळेन."

"नळ? अरे, नळाकडूनच आलेय मी!"

बेडकी फुगली. टम्म फुगली. टुणुक! थेट काकांच्या उघड्या पोटावर. थप्प!

"आई गं! गारेगार!" काका ताडकन उठले.

"उठलात ना? मग धरा इकडे!" काकू म्हणाल्या.

"हळू गं. आईचा आहे."

काका उठले, काकूंनी उचललं, रांजण हलला, पाइप सुटला. पाणी धावलं सळसळ सळसळ. नळ वाहिला धो धो. पातेलं उकळलं. काकांना चहा मिळाला.

रांजण बसला नळाखाली. काठोकाठ भरला. किती दिवसांनी भरला!

सांडलं ते डबक्यात. डबकं भरलं. बेडकी आत. डुबुक!

"हुश्श! एवढ्याशा पाण्याला केवढा हा त्रास!"