नदीने मागितलेला निरोप

एका राज्यात नदी अडवायची तर आधी राजाची मुद्रा लागे. मुद्रेवाचून कुणी बांध घातला, की टेहळणीवरच्या साळुंक्या उडत येत आणि भर दरबारात त्याचं नाव सांगत. मग राजाचा जलरक्षक निघे, बांधावर उभा राहून तीनदा हाक देई, आणि तिसऱ्या हाकेनंतर बांध फोडला जाई. असा त्या राज्याचा नेम होता आणि तो कुणाच्या बापासाठी मोडत नसे.

पण वज्रजिह्व नावाच्या मांत्रिकानं डोंगरात शुभ्रा नदी अडवली, तेव्हा हा नेम लंगडा पडला. त्याच्या भिंतीआड साठलेल्या पाण्याचे हिरे होत आणि खाली गावोगाव विहिरींचे तळ दिसू लागले. जलरक्षक भानुदत्त गेला तो परतलाच नाही. पहिल्या हाकेला तो गुडघ्यापर्यंत दगड झाला, दुसरीला कमरेपर्यंत, आणि तिसरीला तोंड उघडलं तेव्हा सगळाच. साळुंकीनं हे दरबारात सांगितलं, आणि तिथल्या शूरांना एकाएकी आपापली गुडघेदुखी आठवली.

भानुदत्ताची मुलगी हेमकळा मात्र पुढे आली. राज्याची तहान तिला दिसत होती, पण खरं सांगायचं तर तिला तिचा बाप परत हवा होता. राजानं तिला जलरक्षक नेमून तिच्या बोटात मुद्रा घातली.

वाटेत साळुंकी तिला म्हणाली, "नदी दगडांनी बांधलेली नाही, शब्दानं बांधली आहे. 'माझ्या निरोपावाचून हलायचं नाही,' असं मांत्रिकानं तिला बजावलं. तो निरोप त्याच्याच तोंडून आला, की भिंत आपोआप फुटेल."

"मग नदी निरोप मागत का नाही?"

"मागून थकली. रोज विचारायची, 'जाऊ का?' तो नुसता हसायचा. आता मुकी झाली आहे."

हेमकळा थबकली. नदी डोंगरात वाढलेली, तिला घरादाराची रीत कोण शिकवणार? निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, आणि 'जा' असं तर कुणीच कुणाला म्हणत नाही. भिंतीच्या पायथ्याशी एका फटीतून शुभ्रेचं पाणी झिरपत होतं. ते तिनं कलशात धरलं आणि कलशाशी तोंड नेऊन म्हणाली, "शुभ्रामाई, 'जाऊ का' म्हणू नकोस. 'येते' म्हण." पाणी हललं नाही. चढण चढताना ती तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली, लेकराला बोलायला शिकवावं तसं.

वर काठावर तिचा बाप उभा होता, हाकेसाठी उघडलेलं तोंड तसंच. तिनं चटकन नजर वळवली. आता रडून चालणार नव्हतं.

वज्रजिह्व हिऱ्यांच्या राशीपाशी बसला होता. माणूस मोठा अगत्याचा. त्यानं गूळ पुढे केला, पाणी मात्र दिलं नाही.

"वज्रजिह्वा, राजाज्ञा आहे. पाणी सोड," हेमकळा म्हणाली, आणि तिचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले. तिनं दुसरी हाक दिली. गारठा कमरेपर्यंत चढला. कलश तिनं छातीशी घट्ट धरला.

"पोरी, तिसरी दिलीस तर बापाशेजारी उभी राहशील," तो म्हणाला. "माघार घे. तुझे पाय मोकळे करतो."

माघार घेतलेल्या जलरक्षकाला पुन्हा हाक देता येत नसे. नदी बोलली नाही, तर बाप कायमचा गेला.

"घेतली माघार," ती म्हणाली.

पाय सुटले. पाहुण्याला पोचवावं तसा वज्रजिह्व भिंतीच्या टोकापर्यंत तिच्यासोबत आला. हेमकळा थांबली, तोही थांबला. कलशातलं पाणी गप्पच होतं.

"निरोप घेत नाहीस?" त्यानं विचारलं.

तिनं ओठ मिटून घेतले. ती स्वतः बोलली असती, तर त्याचा निरोप तिलाच मिळाला असता. मांत्रिकाचे डोळे बारीक झाले आणि कलशाकडे वळू लागले. तिनं तोंडावर पदर ओढला, मान खाली घातली आणि मनातल्या मनात नदीचे पाय धरले.

पदराआडून बाईचा कापरा आवाज आला, "येते मी."

"ये," वज्रजिह्व म्हणाला.

कितीही मंत्र शिकला, तरी आईनं लावलेलं वळण जातं कुठे?

हेमकळेनं पदर बाजूला केला. "तिसरी हाक माझी नव्हती," ती म्हणाली. "जिचं पाणी अडवलंस, तिची होती."

भिंत मधोमध उकलली. हिऱ्यांच्या राशी वितळून पाणी झाल्या आणि शुभ्रा उतारावरून धावत सुटली. तिचे तुषार काठावरच्या दगडावर उडाले. भानुदत्ताच्या गालांवर रंग आला, आणि इतके दिवस तोंडात अडकलेली हाक त्यानं पुरी केली, "पाणी सोड!"

"सुटलं, बाबा," हेमकळा म्हणाली आणि मग पोटभर रडली.

राजानं वज्रजिह्वाला विहिरींचा गाळ उपसायला लावलं. तिथं कुणी पाणी भरून निघालं, की तो मुकाट मान हलवी. 'ये' म्हणायची त्याला धास्तीच बसली. शुभ्रा मात्र आजही डोंगर उतरताना 'येते' म्हणते आणि बोलल्याप्रमाणे येते. ती जशी तिथल्या दारी आली, तशी ऐकणाऱ्यांच्याही दारी येवो.