त्र्याहत्तर सालची चाल

"पण बुवा, त्र्याहत्तर साली कॉलेजची मुलं चालायची कशी?"

"पायांनी," नागनाथबुवा म्हणाले आणि शेवग्याचा पाला निवडत राहिले.

अन्विता मगदूमला हसू आलं नाही. सांगलीच्या एका कॉलेजात ती व्हिडिओ निर्मिती शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी कृष्णाकाठचा हा मठ तिने मुद्दाम निवडला होता. एक तर ओसरी जुन्या वळणाची. शिवाय भगवं नेसण्याआधी बुवा त्याच काळात कोल्हापुरात कॉलेजला होते.

"तसं नाही बुवा. कपड्यांचं मला सगळं ठाऊक आहे. बेलबॉटमचा घेर किती, कॉलरची टोकं केवढी, कल्ले कुठपर्यंत. रेडिओ त्याच सालचा मिळवलाय, कपबशा त्याच सालच्या. कुणी एक चूक काढून दाखवावी!"

"मग अडलं कुठं?"

अन्विताने पायरीकडे पाहिलं. बेलबॉटम घातलेला सुजय तिथे पाठ करून बसला होता. तिचा वर्गमित्र, आणि फिल्मचा नायक. सकाळपासून तो दारातून बाहेर पडत होता आणि दर वेळी ती 'कट' म्हणत होती. शेवटी ती जरा जास्तच बोलून गेली होती.

"त्याला चालताच येत नाही. कालचं शूटिंग बघून सर म्हणाले, गॅदरिंगमधली वेशभूषा वाटते. उद्या फिल्म द्यायचीय, बुवा. तुम्हीच एकदा चालून दाखवा. त्या वेळी चालायचा तसं."

बुवा लगेच उठले. अन्विताने कॅमेरा रोखला.

अंगणाच्या मधोमध जाऊन बुवांनी एक पाय उचलला. ठेवला. दुसरा उचलला... आणि तसेच थबकले. हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना.

तेवढ्यात कुंपणातून एक शेळी कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरली.

"हुर्र! हुर्र!" बुवांनी लुंगी खोचली आणि वाफ्याकडे धाव घेतली. शेळीला पार फाटकाबाहेर घालवून ते धापा टाकत, खुशीत परत आले.

"घेतलंस?"

"कुठलं? तुम्ही तर शेळी हाकायला गेलात. चाललात कुठे?"

बुवा खाली बसले. पाल्याची जुडी पुन्हा हातात घेतली.

"तुझा तो मुलगा कुठं निघालाय?"

"दारातून बाहेर."

"आणि मग?"



पुढे कुठे, हे अन्विताने सुजयला कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार काय? तिलाच ठाऊक नव्हतं.

तिने कॅमेरा खाली ठेवला. मग जाऊन सुजयच्या शेजारी पायरीवर बसली.

"सॉरी रे. सकाळी फार बोलले."

"...हं."

"ऐक ना. तुझी ताई येतेय. लग्नानंतर पहिल्यांदा. एस.टी. स्टँडवर उतरलीसुद्धा असेल, आणि तू अजून घरातच."

सुजयने मान वळवली. "एकटीच?"

"कडेवर लेक आहे. तू अजून पाहिलेली नाहीस."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का!"

या वेळी सुजय बाहेर आला तो एक चप्पल पायात आणि एक हातात, लंगडी घालत. कॉलरचं एक टोक आत दुमडलेलं. अंगणात पोचल्यावर काही आठवून तो मागे वळला, माठातलं पाणी घटाघटा प्यायला, बाहीने तोंड पुसलं आणि सुटला.

कॉलर नीट करायला अन्विताचा हात पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला. 'कट' म्हणायचं राहूनच गेलं. रस्त्याच्या वळणाआड सुजय दिसेनासा होईपर्यंत ती नुसती बघत राहिली, आणि आपण हसतोय हे तिला फार उशिरा कळलं.

ऊन उतरल्यावर तिघंही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकून बसले. बुवांनी ते चालणं पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं.

"आता सांगा बुवा," अन्विता म्हणाली. "वाटतं ना त्र्याहत्तर साल?"

बुवा गालातल्या गालात हसले.

"आम्हाला तरी तेव्हा कुठं वाटलं होतं?"