तपकिरीचं पोतं

त्या दिवशी वारा पूर्ण पडला होता. फाल्गुन संपत आला होता, ऊन चटके देत होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. हळदीच्या पेठेत असा दिवस आला की पोत्यांतून उडालेली धूळ खाली बसत नाही. ती माणसाच्या उंचीवर तरंगत राहते आणि दुपारपर्यंत रस्त्यातलं पांढरं कुत्रंसुद्धा पिवळं दिसू लागतं. आवाज मात्र अशा दिवशी फार लांबवर जातो.

अशा दिवशी एकदा एक गुरू, आपल्या शिष्याला पुढं पाठवून, स्वतः मागाहून एका शेठजींच्या कोल्ड स्टोरेजवर आले. त्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं पहारा करत होतो. म्हणून जे घडलं ते मी जवळून पाहिलं. जवळून म्हणजे किती जवळून, ते पुढं येईलच.

आमच्या फाटकाची एक रीत होती. आत जाणाऱ्या प्रत्येक पोत्यात एक पोकळ सळई खुपसायची, तिच्यातून आलेली हळद तळहातावर घ्यायची आणि वास घ्यायचा. ओल धरलेली हळद नाकाला लगेच कळते. एक ओलं पोतं आत गेलं तर महिन्याभरात शेजारची दहा नासतात. पोतं चांगलं असलं की मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आतलं दार उघडायचो. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडंच होत्या, आणि त्याचा मला अभिमान होता. दर अर्ध्या तासाला फाटकाशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा, हेही माझंच काम. समोर पोती शिवायला बसणारी हौसाक्का या टोलावर फार चिडायची. "तात्या, त्या रुळानं तुमचं काय वाकडं केलंय ओ? सारखं बडवताय! माझा टाका चुकतोय," असं ती रस्त्यापलीकडून दिवसातून दोनदा तरी ओरडायची.

गुरूंचं नाव बाबालाल मास्तर. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला. निवृत्त झाल्यावर घराच्या ओसरीवर पोरांना कॉम्प्युटर शिकवू लागले. डावा कान काम देत नसे, म्हणून कुणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढं करायचे. शिष्य सन्मती मगदूम, हुशार आणि कष्टाळू तरुण. त्यानं दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम तयार केला होता आणि त्याला 'पहारा' असं नाव दिलं होतं.

हे प्रकरण काय होतं ते मला कळलं तेवढं सांगतो. आमच्या खोल्यांचा गारवा कॉम्प्युटर सांभाळायचा. कुणाची किती पोती, कुठल्या खोलीत, हे सगळं त्याच्यातच. बाहेरच्या व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे निरोप तारेवरून त्याच्याकडं यायचे. दूरच्या एका गावी असल्याच तारेवरून कुणी दुष्ट माणूस आत शिरला आणि त्यानं गारवा बंद पाडला, अशी बातमी शेठजींच्या कानावर आली होती. सन्मतीचा 'पहारा' तारेच्या तोंडाशी बसून येणारा प्रत्येक निरोप उघडून बघायचा, आणि संशय आला तर ओरडायचा. नुसता ओरडून थांबायचा नाही. त्याच्याकडं आतल्या सगळ्या दारांचे परवलीचे शब्द होते, त्यामुळं तो स्वतःच दार लावून घ्यायचा. आठवडाभर तो चाचणीसाठी आमच्याच कॉम्प्युटरवर बसवलेला होता, आणि शेठजींना फार आवडला होता. त्या दिवशी अकरा वाजता तो घ्यायचा की नाही, हे ठरायचं होतं.

सन्मती आधीच ऑफिसात जाऊन बसला होता. पावणेअकराला एक हातगाडी आली. पाच पोती, आणि मागून चालणारा एक म्हातारा. मी मास्तरांना तोवर पाहिलेलं नव्हतं. माल कुणाचा म्हणून विचारलं तर ते मान वळवून म्हणाले, "तपासा की. तुमचं नाक फार चांगलं आहे असं ऐकलंय."

कौतुक ऐकून माणूस सैलावतो. चार पोती मी नीट तपासली. पाचव्यात सळई घातली, तळहातावर घेतलं, आणि नेहमीपेक्षा जरा ऐटीतच खोल वास घेतला.

पोत्याच्या पोटात तपकीर भरलेली होती!

पहिल्या पाच-सहा शिंका मी मोजल्या. पुढच्या मोजण्याच्या पलीकडं गेल्या. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, डोक्यावरची टोपी कुठं पडली याचा पत्ता नाही. चार पोती बरी निघाली म्हणून किल्ल्यांचा जुडगा आधीच कमरेतून काढला होता, तो कुठं टाकला, आठवत नाही. चाचपडत नळाशी गेलो आणि डोकं त्याखाली धरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. परत आलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं, आतलं दार उघडं होतं, आणि तिसऱ्या खोलीच्या पायरीवर तो म्हातारा माझा जुडगा मांडीवर घेऊन शांत बसला होता.

मी ओरडतच त्याच्याकडं धावलो. आरडाओरडा ऐकून शेठजी बाहेर आले, मागून सन्मती आला. रस्ता ओलांडून हौसाक्काही सुईदोऱ्यासकट आली.

"तातोबा!" शेठजी म्हणाले. "सव्वीस वर्षं तुमच्या भरवशावर झोपलो मी. आणि एका चिमूट तपकिरीला तुम्ही गार झालात?"

"मालक, मी वास..."

"राहू द्या. उद्यापासून येऊ नका. आता पहारा आलाय. त्याला शिंका येत नाहीत."

फाटकाशेजारची माझी खोली याच कामाची होती. काम गेलं की खोली गेली. पण खरं सांगतो, त्या क्षणी खोलीचं मनात आलं नाही. सव्वीस वर्षांत एक ओलं पोतं आत जाऊ दिलं नव्हतं, आणि आता पेठेत माझं नाव तपकिरीवरून निघणार, एवढंच मनात आलं.

मास्तर उठले. जुडगा त्यांनी शेठजींच्या हातात दिला आणि विचारलं, "शेठजी, अकराचा टोल ऐकलात?"

शेठजींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. "नाही... लक्षात नाही."

"सन्मती, तू?"

"नाही, मास्तर."

"मी ऐकला न्हाई," हौसाक्का म्हणाली, "पर म्या म्हटलं, बरं झालं. एक टाका तरी सरळ पडला."

मास्तर हसले. मग शिष्याकडं वळले. "बाळ, तातोबांना काढायचं तर तुझा पहाराही काढावा लागेल. त्याच्यावरही हीच तपकीर चालते."

सन्मतीचा चेहरा उतरला, पण मान ताठ होती. "मास्तर, पहाऱ्याला नाक कुठं आहे?"

"त्याचं कामच वास घ्यायचं आहे. तू त्याला शिकवलंस ना, निरोपाच्या चिठ्ठीवर माप लिहिलेलं असतं, तेवढ्या मापाची टोपली आण आणि निरोप तिच्यात ओत? मग चिठ्ठीवर दहा किलो लिहिलं आणि आत चाळीस किलो भरलं, तर उरलेलं तीस कुठं सांडेल?"

सन्मतीची नजर जमिनीवर खिळली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण माणसाला आपल्याच हातची चूक दिसते तेव्हा तो कसा उभा राहतो, ते मला ओळखू येतं. मीही तसाच उभा होतो.

त्याला सहज म्हणता आलं असतं की घरी जाऊन बघतो, पुढच्या आठवड्यात सांगतो. शेठजी तर त्याच्याच बाजूचे होते. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. माझ्या नाकातून अजून पाणी गळत होतं. मग तो म्हणाला, "शेठजी, आत चला. तात्या, तुम्हीपण या."

ऑफिसात त्यानं एक निरोप लिहिला. वर दहा, आत चाळीस. मग बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व ठीक आहे'. ते तसंच राहिलं.

शेठजींनी सुस्कारा सोडला. "बघा मास्तर! काही झालं नाही."

"झालं, मालक," मी म्हणालो. मध्ये बोलायचा माझा अधिकार नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. "तिसऱ्या खोलीची घरघर थांबली."

सगळ्यांनी कान दिले. वारा नव्हता, त्यामुळं ती शांतता स्पष्ट ऐकू आली. सव्वीस वर्षं ज्या आवाजाच्या सोबतीनं झोपलो, तो नव्हता.

सन्मती हळू आवाजात म्हणाला, "तात्यांचं बरोबर आहे. मी जास्तीच्या तीस किलोत लिहिलं होतं, तिसरी खोली बंद कर. ते पहाऱ्याच्या अंगात सांडलं, आणि त्यानं ते स्वतःचाच हुकूम समजून पाळलं. सगळे परवलीचे शब्द मीच दिले होते त्याला. आता तो मेलाय, शेठजी. हे हिरवं दिसतंय ते त्यानं मरायच्या आधी लिहिलेलं आहे."

शेठजी खाली बसले. सन्मतीनं आधी खोली परत चालू केली आणि मग कपाळावरचा घाम पुसला. दोन वर्षांचं काम त्यानं आपल्याच हातानं, गिऱ्हाइकासमोर पाडून दाखवलं होतं. मी आजवर बलदंड हमाल पाहिलेत, दोन-दोन पोती पाठीवर घेऊन जिना चढणारे. पण त्या दिवशी त्या पोरानं जे उचललं, ते जड होतं.

मास्तर त्याच्या शेजारी बसले आणि आमच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा हा कान कसा गेला माहीत आहे? एका घरी लाइनमध्ये बिघाड आहे का ते ऐकत होतो. ऐकणं हेच माझं काम. वीज पडली ती त्याच तारेवर. घरातल्या इतर कुणाला काही झालं नाही, कारण दुसऱ्या कुणी तारेला कान लावला नव्हता. राखणदाराचं असंच असतं. अनोळखी माल सगळ्यांत आधी त्याच्या अंगावर येतो. म्हणून तो वाईट नव्हे, शेठजी. त्यानं वास घेणं सोडलं तर ओलं पोतं आत जाईल. मात्र ज्याला प्रत्येक पोत्यात नाक घालायचं आहे, त्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या बांधणं ही आपली चूक. आणि तो गप्प झाला की सगळं ठीक आहे असं समजून आपण कामाला लागतो, ही त्याहून मोठी चूक. आज अकराचा टोल पडला नाही. इथं चार शहाणी माणसं होती. कुणी मान वर केली?"

शेठजींनी जुडगा टेबलावर ठेवला. मग विचारलं, "म्हणजे तातोबांना ठेवायचं म्हणता?"

"अहो, नाक चांगलं म्हणून तर एवढे शिंकले. ज्याला त्या पोत्यावर शिंक आली नसती, त्याला काढा म्हणून मीच सांगितलं असतं."

शेठजींना हसू आलं, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. जाताना मास्तरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तातोबा, तुमच्या अंगावर प्रयोग केला. माफ करा. पण ज्याला सगळे मानतात अशा पहारेकऱ्याशिवाय हे त्या पोराला पटलं नसतं." कुणाला एवढ्या अदबीनं माफी मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तीही फाटकावरच्या माणसाची.

दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या आतल्या मुकादमाकडं गेल्या. मी वास घ्यायचा, बरं म्हणायचं, आणि दार त्यानं आतून उघडायचं. टोल चुकला तर दार बंदच ठेवायचं आणि आधी माझ्याकडं माणूस पाठवायचा. पहिले काही दिवस कंबर हलकी वाटायची, हात सारखा तिथं जायचा. माझ्यावरचा भरवसा उडाला म्हणून किल्ल्या काढल्या, असं मनात यायचं. हळूहळू कळलं की गेलं ते ओझं होतं.

सन्मती चार महिन्यांनी परत आला. नव्या पहाऱ्याकडं एकही परवलीचा शब्द नव्हता. तो नुसता वास घ्यायचा आणि ओरडायचा. दर मिनिटाला तो शेजारच्या एका लहान यंत्राला टोल द्यायचा, आणि टोल चुकला की ते यंत्र तारेचं दार लावून घ्यायचं. शिवाय दर शुक्रवारी सन्मती स्वतः बसून वेडेवाकडे निरोप लिहायचा आणि आपल्याच पहाऱ्यावर सोडायचा. मी एकदा विचारलं, "पोरा, आपल्याच लेकराला दर आठवड्याला तपकीर कशाला रे?" तर म्हणाला, "तात्या, मी नाही दिली तर दुसरा कुणीतरी देईल. आणि तो माफी मागणार नाही."

शेठजींनी तो पहारा घेतला. मास्तर पुन्हा आमच्या फाटकावर आले नाहीत. बोलवावं लागलं नाही.

वर्ष उलटलं. पुन्हा फाल्गुन आला, पुन्हा वारा पडला, पेठ पुन्हा पिवळी झाली. अंगात दोन दिवस ताप होता, तरी मी फाटकावर बसलो होतो. दुपारी टोल द्यायला म्हणून उठलो, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला टेकून खाली बसलो. हातोडी हातातच राहिली. आतलं दार उघडलं नाही. मुकादमाच्या हाका लांबून येत होत्या, पण त्याच्याआधीच रस्त्यावरून चपलांचा आवाज आला. कुणीतरी गार पाण्याचा तांब्या ओठांशी धरला. डोळे उघडले तर हौसाक्का. दाभण केसांत खोचलेलं, सुतळीचं टोक अजून दातांत. तिनं ते थुंकून टाकलं आणि म्हणाली,

"दोनचा टोल पडला न्हाई, तात्या. म्हटलं, बघून यावं."