नावामागची सावली

नगरसेवक रंगरावदादा वाढदिवसाचा फ्लेक्स बघायला दुकानात शिरले, तसं तेजलनं घाईघाईनं त्याचं डिझाइन स्क्रीनवर उघडलं. गेल्या वर्षी फोटो लहान आला म्हणून दादांच्या माणसांनी शेजारच्या दुकानातला कॉम्प्युटर फोडला होता.

स्क्रीनवरचं आपलं नाव बघून दादा गरजले, "पोरी, नावामागं हे काळं काय? ऐन वाढदिवसाला अपशकुन?"

"सावली आहे, दादा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पुसटशी टाकलीय."

"काढून टाक!"

तेजल माउस हातात घेत हळूच म्हणाली, "काढते की. पण दादा, सावली नसते ती फक्त भुताला. भर चौकात तुमचं नाव बिनसावलीचं टांगू?"

दादांनी आधी फरशीवर स्वतःची सावली पडलीय का ते पाहिलं, मग म्हणाले, "जरा गडद कर."