गुंड्या दिसतो कसा?

मेंढरं आणि कावळे एकमेकांशी बोलायचे, त्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीवर दोन कळप पाणी प्यायला आले आणि एकमेकांत मिसळले. वेगळे होऊन निघाले, तेव्हा बोंडी नावाच्या कोकरीच्या लक्षात आलं, की धाकटा गुंड्या शेजारी नाही! दुसरा कळप तर टेकडी चढू लागला होता.

"कावळेदादा, माझा भाऊ त्या कळपात गेलाय, त्याला आणा ना!" बोंडी झाडावर बसलेल्या कावळ्याकडे बघून ओरडली.

"दिसतो कसा?"

"कोकरू आहे. पांढरं आहे."

"अगं पोरी, तिथं शंभर पांढरी कोकरं आहेत!"

बोंडीला रडू फुटलं. तिची आई जवळ आली. "रडू नको. डोळे मीट आणि गुंड्याला आठव. तो तुला ढुशी मारायला येतो, तेव्हा काय दिसतं?"

बोंडीनं डोळे मिटले. "नाकावर वाटाण्याएवढा काळा ठिपका!"

"आणि चालतो कसा?"

"चालतच नाही! चारही पाय एकदम उचलून उड्या मारतो." आता बोंडी थांबेना. "डावा कान मुडपलेला असतो, आणि ओरडतो तर असा, की जणू घशात गवताची काडी अडकलीय!"

"अगं, हा तर मला इथूनच दिसायला लागला!" म्हणत कावळा भर्रकन उडाला.

बोंडी टेकडीकडे टक लावून बघत राहिली. थोड्याच वेळात उतारावर धूळ उडाली. पुढे कावळा काव काव करत होता आणि त्याच्यामागून एक पांढरा गोळा धडपडत आला, तो थेट बोंडीच्या अंगावर आदळला.

"शंभरांत तसा एकच निघाला," कावळा म्हणाला.