तिरकी रेघ

आपली तसबीर भिंतीवर लागावी, असं तुम्हाला कधी वाटलंय का?

हेरंब सातपुत्यांना वाटलं होतं. फार वाटलं होतं.

त्यांच्या कॉलेजात संगणकशास्त्र घडवणाऱ्या माणसांचं प्रदर्शन उद्या उघडायचं होतं. भिंतभर फोटो लागले होते. कुणी यंत्र बांधलेलं, कुणी त्याला भाषा दिलेली. शेवटची एक जागा रिकामी होती.

संगणकावर मराठी उमटवण्याची एक रीत हेरंबांनी तरुणपणी बसवली होती. समितीने सांगितलं, "वत्सलाबाई हो म्हणाल्या, तर ती जागा तुमची."

वत्सलाबाई पेडणेकर त्यांच्या गुरू. कॉलेजातला संगणकाचा पहिला वर्ग बाईंनीच घेतलेला. आता त्या सांगलीला राहत.

दुपारी हेरंब पोचले तेव्हा बाई ओसरीवर सुपात पावटे सोलत होत्या.

"ये रे. टक्कल पडलं की तुला!"

"चेष्टा नको बाई. हो की नाही, तेवढं सांगा."

"हो कशाला म्हणायचं?"

"माझी रीत माझीच ना? मला कुणी दाखवली नव्हती. मग माझा फोटो लागायला नको?"

बाईंनी सूप बाजूला सारलं.

उठून आत गेल्या. आल्या तेव्हा हातात जुन्या कार्डांचा गठ्ठा होता. पूर्वी संगणकाला काम सांगायचं तर अशा जाड कार्डांना भोकं पाडून द्यावी लागत. एका कार्डावर एकच ओळ. क्रम चुकला की सगळंच फुकट.

"माझा पहिला प्रोग्राम. प्रदर्शनात ठेव."

हेरंबांनी गठ्ठा डोळ्यांजवळ धरला. "गठ्ठ्याच्या वरच्या कडांवर कुणीतरी पेन्सिलीने तिरकी रेघोटी ओढलीय, बाई. खोडून ठेवतो."

बाई हसल्या. गठ्ठा परत मागून घेतला आणि ओसरीवरून सरळ अंगणात सोडून दिला.

कार्डं चहूकडे पसरली.

"अहो बाई! क्रम गेला ना! आता हे..."

"गोळा कर. लाव."

हेरंब मातीत बसले. कार्डांवर आकडे नव्हते. भोकं वाचता येत नव्हती; ते शिकायला आले तोवर कार्डं मोडीत निघाली होती. एक कार्ड उचलत, ठेवून देत, पुन्हा तेच उचलत.

"नाही जमत, बाई."

"भोकांकडे नको बघू. कडेकडे बघ."

प्रत्येक कार्डाच्या कडेवर पेन्सिलीचा ठिपका होता. एकावर डावीकडे, दुसऱ्यावर जरा उजवीकडे. हेरंब ठिपक्याला ठिपका लावत गेले. हळूहळू तिरकी रेघ पुन्हा उमटली. क्रम लागला होता.

"किती सोपं! तुमचा शोध?"

"छे रे. एकदा माझी कार्डं जिन्यात सांडली. रडत बसले होते. वरून एक जण उतरत होता. त्याने शेजारी बसून सगळी लावायला मदत केली आणि जाताना ही रेघ ओढून दिली. त्यालाही कुणीतरी दाखवली होती म्हणे."

"कोण होता?"

"बस गाठायची होती त्याला. नाव सांगायला थांबला नाही."

"मग त्याचा फोटो..."

"कुठला फोटो! पण माझ्याकडे कार्डं घेऊन जो शिकायला आला, त्याला मी आधी रेघ शिकवली. भाषा नंतर."

हेरंब गठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांना कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते शिकवणारे कुणीतरी आठवत होते. चेहरा आठवत होता. नाव...

"बाई, अशा माणसाचे आभार मानायचे कसे?"

बाईंनी पावट्यांचं सूप पुढ्यात ओढलं.

"उतरताना जिन्यात कोण बसलंय, ते बघत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन उघडलं. शेवटच्या जागी, हेरंबांच्याच सांगण्यावरून, नुसती भिंत होती, आणि हेरंब दाराशी बसून येईल त्याला कोऱ्या कार्डांवर तिरकी रेघ ओढायला शिकवत होते.