पाणी रेघेवर

एका डोंगराच्या पोटात गरम पाण्याचं एक कुंड होतं, आणि त्या कुंडावर पहारा करणारी एक टिटवी तिथेच काठावर राहत असे. कुंड साधंसुधं नव्हतं, मुलांनो. त्याच्या तळाशी एक लाल दगड होता, आणि तो कधीच विझत नसे. अंगावर पाणी असेपर्यंत तो दगड आपला गुमान पडून राही. त्याच्या उबेने काठावरची वाळू बारा महिने अशी कोमट असे, की अर्ध्या जंगलाने आपली अंडी आणि तान्ही पिल्लं तिथे आणून ठेवली होती. थंडीने एकही पिल्लू दगावत नसे. पण पाणी उतरून तो दगड उघडा पडला तर काय होतं? ते बघायचं तर समोरच्या डोंगराकडे बघावं. त्याच्याही पोटात म्हणे असंच कुंड होतं. आता तिथे गवताची काडी उगवत नाही, आणि वरून जाणारा ढगसुद्धा जरा वळसा घालून जातो.

म्हणून जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. एकाने आत कुंडापाशी बसायचं. एकाने बाहेर गुहेच्या तोंडाशी उभं राहायचं, जिथून गार पाण्याचा झरा आत शिरतो. गुहेच्या छताला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडे आणि दिवसभरात सात खाचा ओलांडून जाई. कवडसा खाचेवर आला की आतल्याने पाणी बघायचं. भिंतीवर क्षाराची पांढरी रेघ होती. पाणी तिला टेकलेलं असलं की हाळी द्यायची, "पाणी रेघेवर." ती ऐकून बाहेरच्याने झरा बघायचा आणि उत्तर द्यायचं, "झरा वाहता." आधी बघायचं, मग बोलायचं. एवढंच काम. रात्रीची पाळी घुबडांची, ती उजाडता उजाडता संपे.

आता अडचण अशी, की या कुंडावर कधी काही घडतच नसे. टिटवीच्या आईच्या वेळी घडलं नव्हतं, आजीच्या वेळी घडलं नव्हतं. पाणी रेघेवर, झरा वाहता. पाणी रेघेवर, झरा वाहता. पहिल्या वर्षी टिटवी प्रत्येक खाचेला मान पुढे काढून, एक डोळा मिटून रेघ निरखायची. दुसऱ्या वर्षी ती नुसती नजर टाकायची. तिसऱ्या वर्षी तिच्या असं लक्षात आलं, की कवडसा खाचेवर आला की चोच आपोआप उघडते आणि शब्द बाहेर पडतात, मग डोळे कुठेही असोत. तिला वाटलं, चला, हात बसला कामावर.

बाहेर एक बगळा होता. तासन्‌तास न हलता उभं राहण्यात त्याचा हात धरणारा जंगलात कोणी नव्हता, म्हणून तर त्याला या कामावर घेतलेलं. तो जागा आहे की झोपलाय हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

समोरच्या करंजाच्या झाडावर एक वानर राही. त्याचा उद्योग एकच, या दोघांना डिवचणं.

"बगळोबा, आज तरी काही झालं का हो?"

"नाही रे बाबा."

"आणि काल?"

"काल पण नाही."

"मग उद्या एक दगड उभा करून ठेवतो तुमच्या जागी. तो पण हलत नाही, आणि मासे खात नाही." आणि तो खी खी करून हसे. ते हसू गुहेत शिरे, चार भिंतींना आपटे आणि बराच वेळ आतच राही.

त्या वर्षी टिटवीने काठावरच्या वाळूत चार अंडी घातली होती. करड्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. दिवस भरत आले होते. ती दिवसातून वीस वेळा त्यांच्याकडे बघे. पाण्याकडे बघायचं राहून जाई.

एके दिवशी भर दुपारी टिटवीला तहान लागली. पाचव्या खाचेला अजून अवकाश होता, म्हणून ती झऱ्यावर घोटभर पाणी प्यायला बाहेर आली. बगळ्याच्या जागी बगळा नव्हता. चिखलात त्याच्या पायांचे ठसे होते, पण ते वाळून त्यांना भेगा पडल्या होत्या. एका ठशात कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि त्या जाळ्यात आधीच दोन माश्या अडकून सुकल्या होत्या.

टिटवी त्या जाळ्याकडे बघत उभी राहिली. बगळा काही आज सकाळी गेलेला नाही. कालही नाही, त्याच्याही आधीच. मग चौथ्या खाचेला आपल्याला उत्तर दिलं कोणी?

एवढ्यात तिच्या मागे, गुहेच्या आतून, आवाज आला.

"पाणी रेघेवर."

आवाज टिटवीचा होता. तोच चिरका सूर, शेवटी तीच किंचित लांबलेली ओढ. टिटवीने आपली चोच मिटलेली आहे ना, हे पायाने चाचपून पाहिलं. मिटलेली होती.

"झरा वाहता," आतूनच बगळ्याच्या घोगऱ्या आवाजाने उत्तर दिलं.

 दिवसाला सात वेळा, वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, तीच दोन वाक्यं ऐकून ऐकून डोंगराला ती पाठ झाली होती. आणि खरं सांगायचं तर टिटवीला याची भीती तितकी वाटली नाही. तिला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आज पहिल्या खाचेला आपण ओरडलो होतो, हे तिला आठवत होतं. दुसऱ्या खाचेला? तिसऱ्या? तिने खूप आठवून पाहिलं. चोच उघडल्याचं काही तिला आठवेना.

मग तिच्या ध्यानात आलं की झऱ्याचा आवाज येत नाहीये. उंबराची एक फांदी मोडून प्रवाहात आडवी पडली होती. तिला पालापाचोळा अडला होता, त्यावर चिखल बसला होता, आणि पाणी वळून भलतीकडेच कड्याखाली चाललं होतं. पहिलं पान अडकलं तेव्हा ते चोचीने उचलता आलं असतं. आता तिथे बांध होता.

टिटवी आत धावली. तिने पाण्याकडे पाहिलं आणि तिला पाणी रेघेवर दिसलं.

तिने डोळे मिटले, उघडले. पाणी रेघेवर. रोज दिसतं तसंच, जिथे दिसतं तिथेच. डोळ्यांनाही सवय लागली होती. शेवटी तिने एक खडा चोचीत धरला आणि रेघेपाशी सोडला. खडा पडला, आणि पडतच राहिला. डुब्‌ असा आवाज आला तो फार खालून. तेव्हा कुठे डोळ्यांवरचं ते जुनं पाणी ओसरलं. रेघेखाली तीन टिटव्या एकीवर एक उभ्या राहतील एवढा काळा कातळ उघडा पडला होता. त्याखाली पाणी खदखदत होतं, आणि पाण्यातून लाल उजेड वर येत होता.

ती अंड्यांकडे वळली. वाळूवर पाय ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. टिटवीला अंडं उचलता येत नाही, मुलांनो. तिची चोच त्या कामाची नाही.

ती बाहेर येऊन जीव तोडून ओरडू लागली. "पाणी उतरलंय. झरा अडलाय. उठा, सगळे उठा."

करंजाच्या सावलीत सगळं जंगल दुपारची वामकुक्षी करत होतं. एक रानडुकरीण तेवढी मान वर करून बघू लागली. तिची सहा पिल्लं आत वाळूत होती.

"काय झालं गं टिटवीबाई?"

"पाणी उतरलंय म्हणते मी."

तेवढ्यात आतून शांत, ठाम आवाज आला, "पाणी रेघेवर." आणि पाठोपाठ, "झरा वाहता."

वानर फांदीवरून खाली लोंबकळला. "ऐकलंत का? आत एक टिटवी म्हणते ठीक आहे, बाहेर एक टिटवी म्हणते बुडालो. मी म्हणतो, आतलीचं ऐकावं. ती निदान कामाच्या जागी आहे."

दोघंतिघं हसले. हरणांनी परत माना टाकल्या. असं आहे बघा, घाबरलेल्या आवाजापेक्षा शांत आवाज सगळ्यांनाच खरा वाटतो.

"मी इथे उभी आहे," टिटवी म्हणाली. "मग आत कोण आहे?"

रानडुकरिणीने कान टवकारले.

"विचारा तिला. रेघेचा रंग कोणता, विचारा."

रानडुकरीण उठली, गुहेच्या तोंडाशी गेली. "ए बाई, रेघ कोणत्या रंगाची आहे?"

"पाणी रेघेवर."

"माझी पिल्लं किती आहेत तिथे?"

"पाणी रेघेवर."

"अगं, माझी पिल्लं झोपलीत की जागी आहेत, एवढं सांग."

 मग खी खी खी असा आवाज आला. वानराचं हसू, हुबेहूब, शेवटच्या ठसक्यासकट. ते भिंतींना आपटत आपटत बाहेर आलं आणि वानराच्या अंगावरचा प्रत्येक केस उभा राहिला. त्या दिवसापासून तो कधी मोठ्याने हसला नाही, असं म्हणतात.

रानडुकरीण पुढचं काही ऐकायला थांबली नाही. ती सरळ बांधावर जाऊन आदळली आणि मुसंडी मारून चिखल उकरू लागली. बाकीच्यांनी आत धावून तोंडात धरता येईल ते पिल्लू बाहेर आणलं; अंडी दातांत फुटतील म्हणून तिथेच राहिली. बगळा तळ्यावरून परतला तो याच वेळी. चोचीत मासा होता. त्याने समोरचं सगळं पाहिलं, मासा टाकला आणि फांदीला चोच लावली.

आता पाणी चढतंय की उतरतंय, हे आत बसून कोणीतरी सांगायला हवं होतं. त्यावर बाहेरच्यांनी कुठे आणि किती उकरायचं ते ठरणार. टिटवी आत गेली.

"अजून खाली चाललंय," ती ओरडली.

"पाणी रेघेवर," डोंगर तिच्याच आवाजात म्हणाला.

"खोटं आहे ते. खाली चाललंय."

"पाणी रेघेवर. पाणी रेघेवर." आता डोंगर खाचेची वाट बघेनासा झाला होता. चारी भिंतींमधून तिचाच आवाज तिच्या अंगावर येत होता, आणि बाहेर रानडुकरीण विचारत होती, "यातली तू कोणती? कोणाचं ऐकू मी?"

टिटवीने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं तसं कुंडाकडे पाहिलं.

"भिंतीला एक शंख चिकटलाय," ती म्हणाली. "पिवळा. तोंड फुटलेला. पाणी त्याच्या वीतभर खाली आहे."

डोंगर गप्प झाला. हे त्याला पाठ नव्हतं.

"बरं, शंखवाली ती तू," रानडुकरीण म्हणाली. "बोलत राहा, मी उकरते."

"शंखाखाली शेवाळाचा पट्टा आहे, तो सुकून वर वळलाय. पाणी पट्ट्याच्या खाली थांबलंय. थांबलंय अजून. एक मेलेला बेडूक आहे कपारीत. पाणी त्याच्या पायाला लागलं. डावी बाजू उकरा, तिकडून गार धार येतेय."

तिच्या पाठीमागे वाळूत टक्‌ असा बारीक आवाज झाला. अंडं तडकल्याचा. ते आतून तडकतं तेव्हा वेगळा आवाज येतो, आणि उष्णतेने तडकतं तेव्हा वेगळा. टिटवीला दोन्ही माहीत होते. तिने मान वळवली नाही.

"बेडूक बुडाला," ती म्हणाली. "पट्टा ओला झाला. शंख अर्धा बुडाला. उकरत राहा."

कवडसा सातव्या खाचेवर आला तेव्हा पाणी पांढऱ्या रेघेला टेकलं. तळाचा लाल उजेड मंदावत मंदावत गेला आणि दगड पुन्हा गुमान पडून राहिला. तेव्हा टिटवी मागे वळली. तीन अंडी धड होती. चौथं उकडून दगडासारखं झालं होतं.

संध्याकाळी बगळा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मला काढून टाका ताई. दुसरा बघा कोणी."

"दुसरा पण महिन्याभरात तुझ्यासारखाच होईल," टिटवी म्हणाली. "मी तर जागेवर होते रे. मी कुठेही गेले नव्हते. तू उद्या ये. फक्त उद्यापासून पाठ केलेलं काही बोलायचं नाही. जे दिसेल ते सांगायचं, आणि दर खाचेला नवीन काहीतरी सांगायचं. नवीन दिसलं नाही, तर दिसेपर्यंत बघायचं."

दुसऱ्या दिवशी कवडसा पहिल्या खाचेवर आला. टिटवी मान पुढे काढून, एक डोळा मिटून कुंडापाशी वाकली. तिने बराच वेळ घेतला.

"पाणी रेघेवर," ती म्हणाली. "उजव्या कोपऱ्यात तीन बुडबुडे. पाण्यावर एक निळी माशी, पंख हलतोय."

"झरा वाहता," बाहेरून बगळा म्हणाला. "तळाशी दोन पानं, एक उलटं. काढली."

 डोंगर बोलायच्या बेतात होता, हे टिटवीला जाणवलं. भिंतींमध्ये कुठेतरी श्वास घेतल्यासारखं झालं.

"पाणी..." डोंगर म्हणाला, आणि पुढचं न सुचून थांबला.

तात्पर्य : जिथे कधीच काही घडत नाही, तिथे डोळ्यांच्या आधी तोंड बोलू लागतं. म्हणून सगळं ठीक आहे असं म्हणण्यापूर्वी, आजचं आज, स्वतः बघून घ्यावं.